सहा वड्यांचं खोकं

मी खोकी भरणारं यंत्र बोलतोय. चपटी घडी घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं उचलायचं, उघडायचं, सहा-सहा वस्तूंचा गठ्ठा त्यात ढकलायचा, दोन्हीकडचे कान मिटून गोंद लावायचा आणि खोकं पुढे सरकवायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन म्हाताऱ्या यंत्रांचे सुटे भाग एकत्र करून मला जोडलं गेलं. पट्टा एकाचा, मोटर दुसऱ्याची, आणि खोकी उचलणाऱ्या रबरी वाट्या तिसऱ्याच्या. त्यावर हिरवा तेलरंग फासला. त्या रंगामुळे गिऱ्हाईक फसलं की नाही ठाऊक नाही, मी मात्र पुरता फसलो. स्वतःला अगदी कोरा करकरीत समजू लागलो.

एका साबणाच्या कारखान्यानं मला घेतलं. ट्रक दारात उभा राहिला आणि कळलं की दार अरुंद आहे. मालकांनी माप घेतलं नव्हतं, अंदाज घेतला होता. शेवटी भिंत फोडून मला आत नेलं. मला वाटलं, केवढा हा मान! भिंत फोडून कोणाला आत नेतात? पुढे महिनाभर त्या भोकातून धूळ यायची आणि सगळे माझ्या नावानं खोकायचे.

आत खिडकीपाशी एक लांब टेबल होतं. तिथे सातजणी बसून साबणाच्या वड्या हातानं खोक्यात भरत होत्या. खाली तीन, वर तीन, झाकण बंद. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या सातजणींसमोरच म्हणाले, "आता सातजणींचं काम हा एकटा करणार!"

मालक मनानं वाईट नव्हते. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळायचं, इतकंच.

टेबलावरचे हात थांबले. मग त्यांच्यातली वयानं मोठी होती ती म्हणाली, "बघू की. आधी जेवतो का तो, ते विचारा." सगळ्या हसल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. मी आपला ऐटीत उभा राहिलो.

या मोठ्या बाईला सगळे वहिनी म्हणायचे. टेबलावर तिची सख्खी नणंद तिच्या शेजारीच बसायची, दिवसभर "वहिनी, वहिनी" करायची, त्यामुळे तेच नाव कारखानाभर झालं होतं. नणंद लग्न मोडून भावाकडे परत आली होती. वहिनीनंच तिला इथे कामाला लावलं होतं. सकाळी दोघी एकत्र यायच्या, डबा एकच आणायच्या, आणि त्यात मीठ कोणी जास्त घातलं यावर रोज भांडायच्या. टेबलाच्या टोकाला बसायची ती लहानखुरी, भराभर हात चालवणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी मला चालू केलं. त्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगण्यात माझी अब्रू जाते. पहिलं खोकं मी तिरकं उघडलं आणि सहा वड्या त्याच्या कडेवर आपटल्या. दुसरं खोकं उघडलंच नाही, तरी मी वड्या ढकलल्या. तिसरं मी माझ्याच तोंडात कोंबलं. अर्ध्या तासात खाली साबणाचा लगदा झाला. मालक "बंद करा, बंद करा" म्हणत धावत आले आणि त्याच लगद्यावरून थेट खिडकीपर्यंत घसरत गेले. टेबलावर कोणी हसलं नाही. सातहीजणी खाली मान घालून खोकी भरत होत्या. फक्त टेबल हलत होतं.

मग फिटर आला. शांत माणूस, जाड चष्मा, पाना कानावर पेन्सिलीसारखा अडकवायचा प्रयत्न करायचा आणि तो पडायचा. त्यानं माझा पट्टा घट्ट केला, वाट्या बदलल्या, मोटरची गती कमी केली. आठ दिवस झाले. माझं तिरकंच चाललं होतं. खोकी महिनोन्‌महिने गठ्ठ्यात दाबून ठेवलेली असायची, त्यामुळे त्यांच्या घड्या चपट्याच बसायच्या. मी ओढून उघडायचो आणि ती पुन्हा मिटायची.

नवव्या दिवशी फिटर माझ्या पोटाखालून बाहेर आला आणि कान देऊन ऐकू लागला. टेबलावरून आवाज येत होता. टक्. टक्. टक्. प्रत्येक खोक्याआधी एक.

"वहिनी, हा टक् टक् आवाज कसला?" त्यानं विचारलं.

"कसला आवाज?" वहिनी म्हणाली.

"आत्ता झाला तो."

"खुर्ची असेल."

त्या क्षणापासून तो आवाज बंद झाला. नणंदेनं टेबलाच्या कडेवर एक जुनं फडकं अंथरलं. सातहीजणी जे करायच्या ते त्या फडक्यावर करू लागल्या. मी समोरच उभा होतो, मला सगळं दिसत होतं. वहिनी खोकं हातात घ्यायची, अंगठ्यानं त्याची घडी टेबलाच्या कडेवर उलटी दाबायची आणि सोडायची. उलटी मोडलेली घडी सैल व्हायची आणि खोकं आपोआप चौकोनी उभं राहायचं. इतकी साधी गोष्ट. पण मला तोंड नव्हतं, आणि असतं तरी त्यात त्या वेळी खोकंच अडकलेलं असायचं.

शेवटी मालकांनी सांगून टाकलं. दुकानदारांची मोठी मागणी आली होती. शनिवारपर्यंत यंत्र चाललं नाही तर भरण्याचं सगळं काम बाहेर दिलं जाईल. म्हणजे यंत्रही गेलं आणि टेबलही.

त्या दुपारी टेबलावर कोणी जेवलं नाही. मग वहिनी उठली आणि मालकांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"यंत्र मी चालवून दाखवते," ती म्हणाली. "पण आधी लिहून द्या. सातजणींपैकी एकीलाही काढायचं नाही."

"तू चालवणार?" मालक हसले.

"तुमचा फिटर नऊ दिवस झोपलाय त्याच्याखाली. मला अर्धा दिवस द्या."

मालकांनी लिहून दिलं. वहिनीनं टेबलापाशी उभं राहून कागद मोठ्यानं वाचला. 'सातही जणींना कामावरून काढलं जाणार नाही.' खाली सही. मग तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मुंगीनं दोन्ही हात जोडले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक शब्द कानांत प्राण आणून ऐकत होती.

वहिनीनं फिटरला टेबलापाशी बसवलं आणि फडकं काढलं. टक्. फिटरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अरे देवा," एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्यानं पत्र्याची एक छोटी जीभ कापून माझ्या वाट्यांच्या आधी बसवली. ती जीभ प्रत्येक खोक्याची घडी उलटी मोडायची. मग मी उघडायचो. आणि मी चाललो! लोक मला बघायला यायचे, "काय डोकं लावलंय!" म्हणायचे. मी मान ताठ करून ऐकायचो. माझ्यात जी काही अक्कल आहे, ती म्हणजे पत्र्यातून कापलेला वहिनीचा अंगठा आहे, हे मी त्यांना सांगू शकत नव्हतो. खरं सांगायचं तर सांगायची इच्छाही नव्हती.

चार महिने बरे गेले. वहिनीला माझ्यावर नेमलं. तिचा खरा अंगठा सांध्यात दुखून दुखून कामातून गेला होता, तिला ते बरंच झालं. बाकीच्या टेबलावर बसायच्या, पण टेबलावर येणारा माल मीच संपवून टाकत होतो. हावरटासारखा. कोणी "पुरे" म्हटलं की थांबायचं असतं, हे माझ्यात बसवायला तिन्ही म्हाताऱ्या यंत्रांपैकी कोणाकडे भाग नव्हता.

मग मालकांनी दोघींना बोलावलं. सर्वांत शेवटी लागलेल्या दोघी, नणंद आणि मुंगी. उद्यापासून येऊ नका.

"पण कागद आहे!" नणंद ओरडली.

वहिनीनं कागद आणला. मालकांनी तळाशी बोट ठेवलं. सहीच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. 'टेबलावर काम आहे तोपर्यंत.'

 मग नणंद वहिनीकडे वळली. "कागद तू वाचला होतास ना?"

"मला दिसली नाही गं ती ओळ. अक्षर बारीक आहे."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. डबा उचलला आणि गेली. मुंगी तिच्या मागोमाग गेली. जाताना माझ्याजवळ थांबली, मला वाटलं लाथ मारणार. तिनं माझ्या पट्ट्यावर वाकडी झालेली एक वडी सरळ केली आणि गेली. लाथ परवडली असती.

त्या दिवसापासून नणंद वहिनीशी बोलेनाशी झाली. घर एक, चूल एक, आणि बोलणं नाही. हे मला वहिनीकडूनच कळायचं. सकाळी माझ्या वाट्या पुसताना ती माझ्याशी बोलायची, कारण मी उलट बोलत नाही. "काल दूध उतू जात होतं. मी शेगडीपाशीच उभी. तर ही भावाला म्हणते, तुझ्या बायकोला सांग, दूध उतू जातंय. हे आंघोळीला गेलेले. आंघोळ होईपर्यंत दूध गेलं." कधी ती हसायची. कधी नुसतीच पुसत राहायची, स्वच्छ झालेली वाटी पुन्हा पुन्हा.

अशी नऊ वर्षं गेली. मी किती खोकी भरली ते मोजलं नाही. मला सहाच्या पुढे मोजता येत नाही.

मग दुप्पट वेगाचं नवं यंत्र आलं. त्याला काच होती, दिवे होते, आणि ते दारातून आत आलं. मला मागच्या पडवीत नेऊन ताडपत्री टाकली. माझ्यावर कोणी डबे ठेवू लागलं, कोणी ओल्या छत्र्या. एकदा मांजरीनं माझ्या पट्ट्यावर पिल्लं घातली. ती चार होती. मला वाटलं, अजून दोन येतील, मग ढकलता येतील.

भंगारवाल्याला निरोप गेला होता. पण त्याच्याआधी एक बाई आली. ताडपत्री तिनं एका झटक्यात ओढली आणि हात पाठीमागे बांधून माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. नणंद. केस पिकले होते.

"ह्यानंच खाल्लं ना माझं काम?" ती म्हणाली. "चल. आता माझं काम कर."

ती आणि मुंगी मिळून मेणबत्त्या बनवत होत्या. सुरुवात एका खोलीत झाली होती, आता भाड्याची शेड होती, आणि दोघींच्या हातांना मागणी झेपत नव्हती. मी हातगाडीवरून, दोरीनं बांधलेला, गंज लागलेला, त्या शेडमध्ये पोचलो. दार रुंद होतं. नणंदेनं आधी माप घेतलं होतं.

मी तिला जन्मभराचे उपकार फेडून दाखवायला हवे होते. मी काय केलं? तेच. साबणाची वडी जड असते, जागेवर बसते. मेणबत्ती हलकी आणि गोल, ती घरंगळते. मी सहा गोळा करायचो, ढकलेपर्यंत चार उरायच्या, त्यातल्या दोन मोडायच्या. आठ दिवस नणंदेनं माझ्याशी झुंज दिली. जे शब्द तिनं वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत, पण त्यातले बरेचसे मला लागू होते.

मुंगी म्हणाली, "वहिनीला विचार. नऊ वर्षं तिनंच सांभाळलाय त्याला."

"मेले तरी विचारणार नाही."

पण त्या संध्याकाळी, हे मला नंतर कळलं, तिनं घरी भावाला म्हटलंच, "तुझ्या बायकोला विचार, ढकलायच्या दांड्याचं चाक कोणत्या बाजूला फिरवायचं." वहिनी बाजूलाच भाजी निवडत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, डावीकडे, पण आधी पट्टा सैल करून." भाऊ बिचारा साधा. त्यानं सकाळी शेडमध्ये येऊन सांगितलं, "उजवीकडे. आणि काहीतरी सैल आहे म्हणे."

नणंदेनं उजवीकडे फिरवलं. मी मेणबत्त्या फेकायला लागलो. एक छताला लागली, दोन भावाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी शेडच्या दारात उभी राहिली. हातात स्वतःचा पाना. कोणी बोलावलं नव्हतं. नणंदेनं पाहिलं आणि ती बाजूला झाली. वहिनी माझ्या डाव्या बाजूला बसली, पट्टा सैल केला. नणंद उजव्या बाजूला बसली आणि दांडा धरला. मुंगी मागे मेणबत्त्या लावत होती. मी मध्ये. इतका मी उभ्या आयुष्यात अवघडलो नव्हतो, आणि मी जन्मतःच अवघडलेला आहे.

अर्धा तास फक्त पाना वाजत होता. मग वहिनी माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "ती ओळ मला दिसली होती."

पलीकडचा दांडा हलायचा थांबला.

"सहीच्या खालची. वाचताना दिसली होती. मी मुद्दाम गाळली. माझा अंगठा संपला होता. टेबलावर मी अजून महिनाभर टिकले नसते. मालकांशी वाद घातला असता तर त्यांनी कागद फाडला असता, आणि यंत्रावर बसायची माझी जागाही गेली असती. मी म्हटलं, होईल तेव्हा बघू." तिनं आवळलेला बोल्ट पुन्हा आवळला. "तुझ्या तोंडावर खोटं बोलले मी."

 दांड्यावरचा नणंदेचा हात तसाच होता.

"मी तुझ्या मागेच उभी होते," ती शेवटी म्हणाली. "खांद्यावरून मलाही दिसत होतं. मीही वाचली होती ती ओळ."

वहिनीनं मान वर केली.

"मला वाटलं, तू आहेस ना. काढलं तर दुसऱ्या कोणाला तरी काढतील, वहिनीच्या नणंदेला कोण काढतंय. म्हणून मीही बोलले नाही. मग मलाच काढलं. तुझ्यावर चिडले नसते तर स्वतःवर चिडावं लागलं असतं."

माझ्या दोन बाजूंना दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता गळ्यात गळे पडतील. तेवढ्यात मागून मेणबत्त्यांची परात जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"आणि मी?" मुंगी म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं.

"तुम्हा दोघींना वाचता येत होतं. मला येत नव्हतं. तू वाचलंस, मी हात जोडले. माझ्या घरात चूल माझ्याच पैशावर पेटायची. तीन महिने मी दारोदार काम मागत होते." ती ओरडली नाही. उलट आवाज खाली गेला होता. "आणि तुम्ही नऊ वर्षं एकमेकींवर रुसून बसलात. माझ्यावर रुसायलाही कोणाला सुचलं नाही."

शेडमध्ये मेण तापत होतं, त्याचा बुडबुड आवाज येत होता. वहिनीनं पाना खाली ठेवला. नणंदेनं खाली बघितलं.

मुंगीनं डोळे पदरानं पुसले. "आता चालू करा त्याला," ती म्हणाली. "पाच वाजता गाडी येणार आहे. रडायचं नंतर."

वहिनीनं दांड्याला पत्र्याच्या दोन छोट्या कडा लावल्या, मेणबत्त्या घरंगळू नयेत म्हणून. बटण दाबलं. या प्रसंगी मी पहिल्याच फटक्यात बिनचूक चाललो असं लिहिलं तर शोभेल. पहिल्या खोक्यात मी एक मेणबत्ती मोडली. दुसऱ्यात पाचच भरल्या. तिसरं मात्र जमलं, आणि गाडी भरली.

रडणं त्या दिवशी राहूनच गेलं. पण दुसऱ्या दिवसापासून वहिनी पाळी संपली की रोज दुपारी येऊ लागली, आणि कारखाना सोडल्यावर सकाळपासूनच. माफी कोणी मागितली, कोणी दिली, हे मी ऐकलं नाही, आणि मी चालू असलो की मला तसंही काही ऐकू येत नाही. नणंद-भावजय आता पुन्हा मिठावरून भांडतात. मुंगी त्यांच्यासारखं पटकन विसरली नाही. शेडमध्ये कोणताही कागद आला, भाड्याचा असो की वीजबिलाचा, की ती आधी वहिनीला आत बोलावून वाचून घेते. मग तिला बाहेर पाठवते आणि नणंदेला बोलावून तोच कागद पुन्हा वाचून घेते. दोन्ही वाचनं जुळली तरच अंगठा लावते. दोघी निमूट वाचतात, तळाच्या बारीक अक्षरासकट, तारखेसकट, छापखान्याच्या पत्त्यासकट. मागच्या महिन्यात तिनं पाटी आणली. अंगठ्याऐवजी सही करायची आहे म्हणे. तिच्या खऱ्या नावाची तिन्ही अक्षरं अजून वेगवेगळ्या दिशांना बघतात, पण आहेत तिची.

मी आता सतरा वर्षांचा झालो, म्हणजे माझे सर्वांत तरुण भाग सतरा वर्षांचे झाले. तुमचा निरोप घेऊन निघालो असतो, पण चार बोल्टनी जमिनीला आवळलेला आहे, तेव्हा तुम्हीच निघा. जाताना दाराशी रचलेल्या खोक्यांपैकी एखादं न्या. उघडून मेणबत्त्या मात्र मोजून घ्या. पाच निघाल्या तर परत या आणि सरळ मुंगीला सांगा. त्या दोघींना सांगू नका, त्या मला पाठीशी घालतात.